साइड पॅनेल बदलता येणारा गेमिंग माउस घ्यावा का? तिन्ही पॅनेल खरंच वापरली जातात का?

तुम्ही विचारलंय की असा माउस घेतल्यावर पॅनेल, म्हणजे अंगठ्याकडच्या बाजूच्या बटणांच्या पट्ट्या, खरंच अदलून-बदलून वापरली जातात, की शेवटी एकच लावलेलं राहतं आणि बाकीची दोन खोक्यात पडून राहतात. माझ्याकडे रेझर नागा प्रो आहे. त्यात २, ६ आणि १२ बटणांची तीन पॅनेल येतात आणि मी ती तिन्ही वापरतो, पण सारखी नाही. बहुतेक वेळ ६ बटणांचं लावलेलं असतं. १२चं ठरावीक खेळांसाठी निघतं आणि २चं नेमबाजीचे खेळ खेळायचे असले की. बदलायला काही सेकंद लागतात, तरी मी एकाच बैठकीत क्वचितच बदलतो. दर तासाला पॅनेल बदलण्याची कल्पना मनात धरून हा माउस घेऊ नका, तसं होत नाही.

मग घ्यायचा कशासाठी? माझ्या मते सगळा निर्णय अंगठ्याच्या कामावर ठरतो. माउसवर अंगठा एकतर पकड देतो किंवा बटणं दाबतो. दोन्ही कामं एकाच वेळी चांगली होत नाहीत. काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या खेळात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलवल्यावर नेम किती सरकतो ते प्रमाण, कमी ठेवलेली असते, त्यामुळे माउस सतत उचलून पुन्हा मध्ये ठेवावा लागतो. उचलताना एका बाजूने अंगठा आणि दुसऱ्या बाजूने अनामिका-करंगळी दाब देतात. त्या अंगठ्याखाली १२ बटणं असतील तर एखादं नको तेव्हा दाबलं जाणारच. हा कुठल्या कंपनीचा दोष नाही, बटणांनी भरलेल्या कुठल्याही बाजूचं ते होणारच. २ बटणांच्या पॅनेलवर अंगठ्याला टेकायला सपाट जागा मिळते आणि बटणं वरच्या कडेला राहतात. हे पॅनेल लावलं की बटणं कमी झाली यापेक्षा पकड बदलली हे हाताला जास्त जाणवतं.

एमएमओ खेळांचं, म्हणजे हजारो जण ऑनलाइन एकाच जगात खेळतात त्या खेळांचं, उलट आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या अ‍ॅक्शन बारवर, म्हणजे पडद्यावरच्या आज्ञांच्या पट्टीवर, १२ चौकोन असतात. त्यांच्या मूळ कळा म्हणजे १ ते ९, शून्य, वजाचं चिन्ह आणि बरोबरचं चिन्ह. फायनल फँटसी १४ चा हॉटबारही १२ चौकोनांचाच. डावा हात चालण्याच्या कळांवर असताना ७, ८, ९ पर्यंत बोट नेणं म्हणजे चालणं थांबवणं. २००९ साली आलेल्या पहिल्या नागाने हीच ओळ उचलून अंगठ्याखाली ठेवली, आणि म्हणून त्या माउसवर नेमकी १२ बटणं होती. वर शिफ्ट, कंट्रोल आणि ऑल्ट डाव्या हाताने धरले तर त्याच १२ बटणांतून ४८ आज्ञा देता येतात. व्यवहारात शिफ्टपर्यंत पुरतं, ऑल्टपर्यंत जायची वेळ क्वचित येते.

पण १२ बटणं अंगठ्याला पाठ व्हायला वेळ लागतो आणि इथेच बरेच जण कंटाळून पॅनेल काढून ठेवतात. मांडणी तीन-तीन बटणांच्या चार रांगांची असते. पुढच्या रांगेसाठी अंगठा ताणावा लागतो, मागच्या रांगेसाठी तो दुमडून घ्यावा लागतो. मधल्या दोन रांगा मात्र आपसूक अंगठ्याखाली येतात. म्हणून सर्वांत जास्त लागणाऱ्या आज्ञा मध्ये ठेवा. कडेच्या रांगांवर क्वचित लागणारी कामं द्या: घोड्यावर बसणं, नकाशा उघडणं, औषध पिणं. खेळातल्या बारचा १ ते १२ हा क्रम जसाच्या तसा ठेवायची काही गरज नाही. सुरुवातीला सहाच बटणांना काम द्या आणि बाकीची बंद ठेवा. चुकून दाबली तरी काही होत नाही, त्यामुळे अंगठा निर्धास्तपणे फिरायला शिकतो. आणखी एक, पाचव्या बटणावर फुगीर पारदर्शक टिकली चिकटवा. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर जी बारीक रेघ असते, तिचंच काम ती करते. टिकली लागली की अंगठा घर शोधतो आणि तिथून बाकीची बटणं सापडतात. मला या एका गोष्टीने जितका फरक पडला तितका कुठल्याच सेटिंगने पडला नाही.

६ बटणांचं पॅनेल मला सर्वांत आवडतं. मोबा खेळांत, म्हणजे डोटा किंवा लीग ऑफ लेजंड्ससारख्या दोन संघांच्या लढतींत, मुख्य चार शक्ती डाव्या हाताच्या क्यू, डब्ल्यू, ई, आर वरच बऱ्या वाटतात, पण वस्तूंसाठी अंगठा मोकळा असतो. बटणं मोठी आहेत, चाचपडावं लागत नाही आणि पकडीलाही जागा उरते. २०१७ च्या नागा ट्रिनिटीमध्ये याच्या जागी गोलाकार मांडलेल्या ७ बटणांचं पॅनेल होतं. नंतर प्रोमध्ये ते ६वर आणि दोन सरळ ओळींत आलं.

खेळाबाहेरही हे ६ बटणांचं पॅनेल कामाला येतं. व्हिडिओ एडिटिंगमध्ये कट, मागे, पुढे, तर स्प्रेडशीटमध्ये कॉपी, फक्त मूल्य पेस्ट, अनडू. इथे एक युक्ती सांगतो. बटणांना एफ१३ ते एफ२४ या कळा द्या. नेहमीच्या कीबोर्डवर त्या नसतात, पण संगणक त्या ओळखतो, त्यामुळे कुठल्याही प्रोग्रामच्या ठरलेल्या शॉर्टकटशी टक्कर होत नाही. मग त्या-त्या प्रोग्रामच्या शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन ही कळ हव्या त्या कामाला जोडायची.

मॅक्रोबद्दल सावध राहा. एका बटणाला एक कळ देणं सगळीकडे चालतं. एका दाबात अनेक कृती घडवणं मात्र बऱ्याच स्पर्धात्मक खेळांना मान्य नाही. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या वाल्व कंपनीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर अशा हार्डवेअरच्या मदतीने होणाऱ्या स्वयंचलित हालचालींना मज्जाव केला. माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय दिसते म्हणून ती खेळात चालेलच असं धरू नका.

आता जोडणीकडे. पॅनेल चुंबकाने बसतं. कडेला नख घालून ओढलं की सुटतं आणि जवळ नेलं की टक् करून जागेवर ओढलं जातं. आत धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात, बटणांचे संदेश त्यांतूनच माउसमध्ये जातात. कुठलं पॅनेल लागलंय हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि त्याची मांडणी वेगळी जपतं. काढून ठेवलेली पॅनेल टेबलावर उघडी सोडू नका. चुंबकाला लोखंडाचा कीस आणि टाचण्या चिकटतात आणि संपर्कबिंदूंवर धूळ व घामाचा थर बसतो. झिप असलेल्या पिशवीत ठेवा आणि अधूनमधून आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने ते बिंदू पुसा. पूर्ण वाळल्यावरच जोडा.

वजन हा या प्रकाराचा खरा तोटा आहे. नागा प्रो ११७ ग्रॅमचा आहे आणि २०२२ चा व्ही२ प्रो १३४ ग्रॅमचा. नेमबाजीसाठी बनवलेला लॉजिटेकचा जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्याही आत बसतो. २ बटणांचं पॅनेल लावून पकड सुधारते, पण ५० ग्रॅमहून जास्त फरक कुठे जात नाही. मुख्य खेळ नेमबाजीचाच असेल तर हा माउस घेऊ नका असंच मी स्पष्ट सांगेन. उलट फक्त एमएमओच खेळत असाल तर बदलत्या पॅनेलची गरजच नाही. कॉर्सेअर सिमिटार या माउसमध्ये १२ बटणांचा अख्खा गठ्ठा पुढे-मागे सरकवून अंगठ्याच्या लांबीप्रमाणे पक्का करता येतो आणि लहान हातांसाठी ते अधिक उपयोगाचं आहे. बदलती पॅनेल त्यांच्यासाठी, ज्यांचा आठवडा दोन-तीन प्रकारच्या खेळांत आणि थोड्या कामात वाटला गेलाय. डावखुऱ्यांसाठी नागाची १२ बटणांची आवृत्ती २०२० मध्ये पुन्हा आली, पण तिची बाजू बदलता येत नाही.

अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटाच्या त्या बाजूला दुखायला लागलं तर १२चं पॅनेल काही दिवस काढून ठेवा आणि बटणांचा भार थोडा कीबोर्डवर परत द्या. सवय होईल म्हणून दुखणं रेटू नका.

वापरलेला माउस घेत असाल तर तिन्ही पॅनेल हातात घेऊन, एकेक लावून, कळा तपासणाऱ्या एखाद्या वेबपानावर प्रत्येक बटण दाबून बघा. एकदा दाबल्यावर दोनदा नोंद होतेय का, पॅनेल किंचित हलवल्यावर बटणं बंद पडतात का, हे दोन्ही पाहा. एखादं पॅनेल “घरी आहे, नंतर देतो” असं विकणारा म्हणाला तर ते मिळेपर्यंत व्यवहार पुरा करू नका, कारण सुटं पॅनेल शोधून मिळवणं अवघड जातं.