मणक्यात सिमेंट भरल्यावर काय गुंतागुंत होऊ शकते?

तुमच्या आईचा ठिसूळ हाडांमुळे मणका दबलाय आणि डॉक्टर सिमेंट भरायचं म्हणताहेत, म्हणून सांगतो. सगळ्यात जास्त आढळते ती सिमेंटची गळती. हे सिमेंट (पीएमएमए नावाचं एक प्रकारचं प्लास्टिक) टूथपेस्टइतकं घट्ट झाल्यावर सुईतून सोडतात. पातळ असतानाच सोडलं तर ते हाडाच्या भेगेतून किंवा शिरांमधून बाहेर पडतं. बहुतेक वेळा ते नुसतं एक्स-रेवर दिसतं, पेशंटला पत्ताही लागत नाही. पण मज्जारज्जूकडे गेलं तर पायातली ताकद जाते, लघवी अडते. फुप्फुसात पोचलं तर धाप लागते, छातीत दुखतं. हे क्वचित होतं, पण झालं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. आधी फुगा फुगवून जागा करतात त्या कायफोप्लास्टीत गळती कमी होते.

नंतर शेजारचा मणकाही दबू शकतो. दोष सिमेंटचा की मुळातल्या ठिसूळपणाचा, यावर डॉक्टरांतच वाद आहे.

माझं मत विचाराल तर घाई नको. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत सिमेंट भरलेल्या पेशंटना आणि ज्यांच्यावर सिमेंट न भरता भरल्याचं नुसतं नाटक केलं त्यांना सारखाच आराम पडला होता. बरीच दुखणी गोळ्या-पट्ट्यावर काही आठवड्यांत उतरतात. आणि हो, ऑस्टिओपोरोसिसचं (हाडांच्या ठिसूळपणाचं) औषध मात्र सिमेंट भरा वा न भरा, लागतंच, ते डॉक्टरांना आवर्जून विचारा.