रुथेनियम हायड्राइडचा पट्टा कोणता आणि तो बंधाबद्दल काय सांगतो

अमळनेरहून एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: रुथेनियम ट्रायक्लोराइड, ट्रायफिनाइलफॉस्फिन आणि फॉर्मॅलिन (फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण) हे मेथॉक्सिइथेनॉल या अल्कोहोलमध्ये उकळून तयार केलेल्या कार्बोनिल-क्लोरो-हायड्राइड संयुगाच्या (ज्यात रुथेनियमला कार्बन मोनॉक्साइड म्हणजे कार्बोनिल, क्लोराइड आणि हायड्रोजन म्हणजे हायड्राइड जोडलेले असतात) आयआर म्हणजे अवरक्त वर्णपटात १९२० प्रति सेंटीमीटरच्या आसपास एक जोरदार पट्टा आणि २०२० ला एक लहान पट्टा दिसतो, त्यांतला धातू-हायड्रोजन बंधाचा कोणता, आणि त्याच्या आकड्यावरून बंध मजबूत आहे असे प्रकल्प अहवालात लिहावे का?

२०२० चा लहान पट्टा रुथेनियम-हायड्रोजन ताणाचा (बंध लांबतो-आखडतो त्या कंपनाचा) आणि १९२० चा जोरदार पट्टा कार्बोनिलचा, असेच या संयुगाबाबत मानले जाते, आणि ते बरोबर आहे. मात्र केवळ जागा पाहून हा निर्णय देता येत नाही, कारण टोकाच्या, म्हणजे एकाच धातूला जोडलेल्या, हायड्राइडचे ताणकंपन साधारण १७०० ते २२०० च्या दरम्यान येते आणि कार्बोनिलही नेमके तिथेच गर्दी करतात. तीव्रता थोडी मदत करते: कार्बोनिलच्या ताणात द्विध्रुव आघूर्ण (विद्युतभाराची असमान विभागणी) खूप बदलते म्हणून त्याचा पट्टा ठळक येतो, तर धातू-हायड्रोजन बंध पुष्कळदा इतका कमी ध्रुवीय असतो की त्याचा पट्टा क्षीण राहतो. तरीही कमी तीव्रता हा पुरावा नव्हे.

खरा पुरावा ड्यूटेरियमचा, म्हणजे दुप्पट जड हायड्रोजनचा. जड धातूला जोडलेल्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आला की क्षपित वस्तुमान (कंपनासाठी दोन्ही अणूंचे मिळून धरायचे वस्तुमान) जवळपास दुप्पट होते आणि वारंवारता सुमारे १.४ पटीने खाली येते. मँगनीज पेंटाकार्बोनिल हायड्राइडमध्ये १७८३ चा पट्टा १२८७ ला जातो, कोबाल्ट टेट्राकार्बोनिल हायड्राइडमध्ये १९३४ चा १३९६ ला. दोन्हींचे गुणोत्तर १.३८५ च्या आसपास येते. बंध आदर्श स्प्रिंगसारखा धरणाऱ्या सुसंवादी गणिताने ते १.४० यायला हवे, आणि उरलेला फरक कंपनाच्या असंवादीपणाचा आहे. अहवालात हे गुणोत्तर काढून दाखवले तर परीक्षकाला तुम्ही समजून काम केले आहे हे कळते.

तुमच्या संयुगात एक अडचण मात्र येईल, ती आधीच सांगतो. २०२० ला १.४ ने भागले की १४४३ येते. ट्रायफिनाइलफॉस्फिनचा ठळक पट्टा १४३५ ला असतो आणि नमुना न्यूजॉल या खनिज तेलात घोटला तर त्याचा १४६२ ला, म्हणजे रुथेनियम-ड्यूटेरियमचा नवा पट्टा या दोहोंच्या मधे दडून बसेल. अशा वेळी नवा पट्टा शोधत बसण्यापेक्षा २०२० चा पट्टा नाहीसा झाला आणि १९२० चा जवळपास जागेवर राहिला, हे दाखवणे अधिक विश्वासार्ह ठरते. हायड्राइड फॉर्माल्डिहाइड आणि अल्कोहोल या दोन्हींतून येऊ शकतो, म्हणून एकच अभिकारक ड्यूटेरियमयुक्त घेऊन अपूर्ण बदल झाला तर गोंधळून जाऊ नका. पावसाळ्यात नमुन्याची केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये) गोळी केली तर ती ओलावा खेचते आणि ३४०० व १६४० ला पाण्याचे पट्टे येतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा त्रास बराच कमी असतो.

कार्बोनिल जागेवर राहील असे मी का म्हणतो, ते पाहा. या संयुगात हायड्राइडच्या समोर फॉस्फिन आहे आणि कार्बोनिलच्या समोर क्लोराइड. म्हणजे हायड्राइड आणि कार्बोनिल एकमेकांशी काटकोनात आहेत, त्यामुळे त्यांच्या कंपनांचा एकमेकांवर फारसा परिणाम होत नाही. हायड्राइड आणि कार्बोनिल समोरासमोर असते, तर जवळच्या वारंवारतेची ही दोन कंपने मिसळून एकमेकांना दूर ढकलतात, आणि ड्यूटेरियम घातल्यावर धातू-हायड्रोजनचे कंपन खाली निघून गेले की कार्बोनिलही आपल्या मूळ जागेकडे सरकतो. म्हणजे ड्यूटेरियमने कार्बोनिल किती हलला यावरून रचनेचाही अंदाज येतो. मला या विषयात सर्वात सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे.

हायड्राइडच्या समोर बसलेल्या गटाचा प्रभाव प्लॅटिनमवर स्वच्छ दिसतो. चॅट, डंकन्सन आणि शॉ या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये जाहीर केलेल्या ट्रायइथाइलफॉस्फिनच्या प्लॅटिनम हायड्राइडमध्ये समोर क्लोराइड असताना ताण २१८३ ला आहे. क्लोराइड बदलून ब्रोमाइड घातले तर २१७८, आयोडाइड २१५६, आणि सायनाइड २०४१. धातू तोच, फॉस्फिन तेच, तरी समोरचा दाता (धातूला इलेक्ट्रॉन देणारा गट) जसा प्रबळ होतो तसा हायड्राइडचा बंध ढिला पडतो, कारण धातूच्या एकाच कक्षकावर दोघांचाही हक्क असतो.

आता बंधाच्या मजबुतीचा प्रश्न. ‘२०२० आहे म्हणून बंध मजबूत’ असे लिहू नका. वारंवारता स्थितिज ऊर्जेच्या खळग्याच्या तळाची वक्रता सांगते, तर बंध तोडायला लागणारी ऊर्जा त्या खळग्याची खोली सांगते, आणि या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून चालत नाहीत. मँगनीजच्या १७८३ वरून बलस्थिरांक (बंधाचा ताठपणा) सुमारे १८५ न्यूटन प्रति मीटर निघतो, हायड्रोजन क्लोराइडच्या २८८६ वरून सुमारे ४८०. यावरून मँगनीजचा बंध लवचीक आहे इतकेच म्हणता येते. एकाच कुटुंबातली, एकच गट बदललेली संयुगे शेजारी ठेवली तरच तुलनेला अर्थ आहे.

पूल बांधणारे, म्हणजे दोन धातूंना जोडणारे, हायड्राइड असते तर पट्टा १६०० च्या खाली आणि रुंद आला असता, त्यामुळे तो प्रश्न इथे उद्भवत नाही. हायड्रोजनचा रेणू न तुटता धातूला बांधला गेल्याचीही शंका नको: रसायनशास्त्रज्ञ क्युबास यांच्या १९८४ च्या टंगस्टन संयुगात हायड्रोजन-हायड्रोजन ताण २६९० ला सापडला, मोकळ्या रेणूच्या ४१६० पेक्षा बराच खाली पण तुमच्या पट्ट्याच्या कितीतरी वर.

ड्यूटेरियमयुक्त रसायने परवडणार नसतील तर प्रोटॉन एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात हायड्रोजन अणूंचे संकेत मोजणारी चाचणी) करून घ्या. उणे ७ पीपीएमच्या आसपास हायड्राइडचा संकेत मिळेल. समोरच्या फॉस्फरसमुळे तो सुमारे १०० हर्ट्‌झने दुभंगलेला आणि बाजूच्या दोन फॉस्फरसांमुळे प्रत्येक भाग पुन्हा लहान त्रिकात फुटलेला दिसेल. नमुना बाहेरगावी पाठवायचा असेल तर घनरूपातच पाठवा आणि द्रावण तिथेच ताजे करायला सांगा, कारण क्लोरोफॉर्ममध्ये ठेवून दिलेली अनेक हायड्राइडे हळूहळू क्लोराइडमध्ये बदलतात.