सत्तरीच्या आई-वडिलांना तंबूत नीट झोप लागावी म्हणून काय न्यावं?

तुम्ही लिहिलंय की आई-वडील दोघंही सत्तरीचे आहेत, आईंचे गुडघे दुखतात आणि दोन रात्री तंबूत काढायच्या आहेत. जमिनीवर जाड गादी चालेल का, की घडीची कॉटच हवी? निदान आईंसाठी तरी कॉटच घ्या.

मी माझ्या आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा तिच्यासाठी दहा सेंटिमीटर जाडीची, आपोआप फुगणारी गादी घेतली होती. गादी खरंच चांगली होती, पडल्या पडल्या तिला झोप लागली. रात्री कधीतरी तिच्या चुळबुळीने मला जाग आली. तिला लघवीला जायचं होतं. आधी ती कुशीवर वळली, मग कोपरावर भार देऊन बसली. गुडघ्यावर यायला गेली तर गुडघा मऊ गादीत रुतला. आधाराला तिने तंबूची काठी धरली, तर ती वाकली. शेवटी मी काखेत हात घालून तिला उभं केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दुपारनंतर ती पाणीच पीत नाहीये. रात्री उठायला लागू नये म्हणून! फार वाईट वाटलं मला. तेव्हापासून गादी किती मऊ आहे हे मी नंतर बघते, तिच्यावरून उठता कसं येतं हे आधी.

कॉटची उंची साधारण खुर्चीएवढी, म्हणजे ४० ते ४५ सेंटिमीटर हवी. पाठीवरच्या सामानात मावणाऱ्या हलक्या कॉट जेमतेम वीतभर उंच असतात, त्यांचा इथे उपयोग नाही. आईंना कॉटच्या कडेवर बसवून बघा: पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. कडेची दांडी मांडीला रुतते का, तेही तेव्हाच कळेल. कॉटवर किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. माणूस कडेवर बसला की सगळा भार एकाच बाजूला येतो, म्हणून मर्यादेच्या अगदी जवळची घेऊ नका. पायांखाली रबरी चटईचे तुकडे ठेवा, नाहीतर तंबूचं तळ फाटतं. आणि तंबू असा हवा की आत सरळ उभं राहता येईल. ओणव्याने कपडे बदलणं या वयात झोपण्यापेक्षाही जड जातं.

कॉटबद्दल बहुतेकांना ठाऊक नसतं ते असं, की नुसत्या कॉटवर थंडी वाजते. खालून हवा खेळत राहते आणि स्लीपिंग बॅगचं खालचं अस्तर अंगाच्या भाराने दबलं की त्यात ऊब धरायला हवाच उरत नाही. म्हणून कॉटवर मॅट हवीच. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते. आकडा जितका मोठा तितकी थंडी कमी पोचते. दोन मॅट एकावर एक घातल्या तर दोन्ही आकड्यांची बेरीज होते, त्यामुळे फोमची साधी मॅट खाली आणि फुगणारी वर हा सोपा उपाय आहे. उबेच्या रात्रींना २ पुरते, थंडीत मी आईसाठी ४ च्या खाली जात नाही.

वडिलांचे गुडघे ठीक असतील तर त्यांना जाड फुगणारी गादी चालेल. दुप्पट उंचीची हवेची गादी मात्र मला पटत नाही. उठायला उंची मिळते, पण कडेवर बसलं की ती दबते आणि एकाने कूस बदलली की दुसरा हलतो. रात्री गारठा वाढला की आतल्या हवेचा दाब उतरतो आणि पहाटेपर्यंत ती ढिली पडते. घरातलीच असेल आणि न्यायची असेल, तर झोपण्याआधी पुन्हा एकदा हवा भरा आणि वर फोमची मॅट घाला. हॅमॉकचा, म्हणजे झाडांना टांगायच्या झोळीचा, विचारच नको.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ लिहिलेलंच धरा. वयानुसार शरीर उष्णता कमी निर्माण करतं, म्हणून अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश खालची घ्या. पायाकडे निमुळती बॅग नको. चौकोनी, पूर्ण उघडणारी घ्या, किंवा सरळ घरची रजई न्या. उशी घरचीच न्या, आणि कुशीवर झोपत असतील तर गुडघ्यांमध्ये ठेवायला आणखी एक. फारच थंडी असेल तर झाकण घट्ट लावलेली गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पायाशी द्या. शेगडी, निखारे किंवा गॅसचा हीटर तंबूत कधीही नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

निघण्याआधी एक रात्र घरीच दोघांना त्याच अंथरुणावर झोपवा. आणि आई रात्री कुठल्या कुशीवरून उठतात ते विचारून घ्या. तंबूत ती बाजू मोकळी ठेवा, तिथे हाताने धरायला एक भक्कम खुर्ची, खाली चपला आणि हाताशी बॅटरी.