इंदूरला पहिली साइट इनिशिएशन व्हिजिट: स्लाइड्स तयार आहेत, आणखी काय करू?

तुम्ही लिहिलंय की नवीन सीआरए (क्लिनिकल ट्रायलवर स्पॉन्सरच्या, म्हणजे ट्रायल करवून घेणाऱ्या कंपनीच्या, वतीने लक्ष ठेवणारे) आहात, पहिलीच एसआयव्ही, म्हणजे ट्रायल सुरू होण्यापूर्वीची साइट इनिशिएशन व्हिजिट, इंदूरच्या एका हॉस्पिटलात आहे आणि टीमला दाखवायच्या स्लाइड्स तयार आहेत. मी इंदूरलाच हे काम करते, म्हणून सांगते: स्लाइड्स आटोपत्या घ्या आणि उरलेल्या वेळात पहिल्या पेशंटची रंगीत तालीम करा.

हॉस्पिटलात ट्रायलचं रोजचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरला घेऊन ओपीडीच्या दारापासून चालत निघा. कन्सेंट (पेशंटला समजावून घेतलेली संमती) कुठल्या खोलीत होणार, तिथलं दार लागतं का? रक्त कोण काढणार? सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवून त्यातले घटक वेगळे करणारं यंत्र) कोणाच्या ताब्यात, त्याचं कॅलिब्रेशन चालू तारखेचं आहे का? नमुने ड्राय आइसमध्ये जाणार असतील तर कुरियर किती वाजता येतो, शनिवारी येतो का? औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असेल तर वीज गेल्यावर फ्रिज कशावर चालतो, रात्री तापमान चढलं तर फोन कोणाला जातो? 'होऊन जाईल' असं उत्तर आलं की तिथेच थांबा आणि ते काम नक्की कोण करणार, त्याचं नाव लिहून घ्या.

कन्सेंटवर सगळ्यात जास्त वेळ द्या. क्लिनिकल ट्रायल्सविरुद्ध 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेली स्वास्थ्य अधिकार मंचाची याचिका इंदूरचीच होती. 2013 मध्ये कन्सेंटच्या ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंगचा आदेश आला तो त्याच प्रकरणात. आज 2019 च्या नियमांनुसार नव्या रासायनिक घटकाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या व्यक्तींसाठी हे रेकॉर्डिंग लागतं. तुमच्या ट्रायलला लागू असेल तर कॅमेरा प्रत्यक्ष चालवून बघा, आवाज नीट येतो का ऐका. इथे झाबुआ-अलीराजपूरकडून भिली बोलणारे पेशंट येतात, त्यांना हिंदी फॉर्म नुसता वाचून दाखवणं पुरेसं नाही. निरक्षर पेशंटसाठी निष्पक्ष साक्षीदार लागतो. तो ट्रायलच्या टीममधला चालत नाही, मग कोण, हे आधी ठरवा.

जाण्यापूर्वी ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीचं पत्र ओळीओळीने वाचा. प्रोटोकॉल (ट्रायलचा लेखी आराखडा) आणि प्रत्येक भाषेतल्या कन्सेंट फॉर्मचा व्हर्जन नंबर आणि तारीख तुमच्या फाइलशी जुळलीच पाहिजे. सीटीआरआय (ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी, करार, किट्स हे तर बघालच.

पीआय सरांची (साइटवर ट्रायलची जबाबदारी असलेले मुख्य डॉक्टर) वेळ ओपीडी संपल्यावरची मागा, आणि ते आले की आधी एसएईचा, म्हणजे पेशंटच्या बाबतीत घडणाऱ्या गंभीर प्रतिकूल घटनांचा, विषय घ्या. अशी घटना 24 तासांत स्पॉन्सर, एथिक्स कमिटी आणि केंद्रीय परवाना प्राधिकरणाला कळवायचं, 14 दिवसांत विश्लेषणासह अहवाल द्यायचा. हे त्यांना तोंडपाठ असणारच. तुम्ही विचारा की रविवारी रात्री पेशंट दुसऱ्याच हॉस्पिटलात भरती झाला तर त्यांना कळणार कसं. पेशंटच्या खिशात ट्रायलचं कार्ड आणि उचलला जाणारा नंबर हवा.

डेलिगेशन लॉगवर (कोणाला कोणतं काम सोपवलंय त्याची यादी) सही आणि ट्रेनिंगची नोंद झाल्याशिवाय कोणी ट्रायलच्या कामाला हात लावायचा नाही, हे नाइट ड्यूटीच्या सिस्टरपर्यंत पोहोचवा. राहिलेल्या गोष्टी फॉलो-अप लेटरमध्ये तारखेसह लिहा. त्या बंद होईपर्यंत कितीही घाई झाली तरी साइट ॲक्टिव्हेट करायला, म्हणजे पेशंट घ्यायला मोकळी करायला, सांगू नका.