गाडीचा नकल बसवला जूनमध्ये, बेअरिंग तुटलं नोव्हेंबरमध्ये: मुदत कधीपासून मोजायची?

कोपरखैरण्याचे एक वाचक लिहितात: 17 जून 2023 रोजी तुर्भ्याच्या एका गॅरेजात त्यांनी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा स्टीअरिंग नकल, म्हणजे चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं तो धातूचा भाग, बदलून घेतला. 9 नोव्हेंबर 2023 रोजी ऐरोली पुलावर त्याच चाकाचं बेअरिंग तुटलं, गाडी कठड्याला घासली आणि चौसष्ट हजारांचा खर्च आला. तेव्हापासून गॅरेजवाला ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतोय. आता जुलै 2025 उजाडला. ग्राहक आयोगात जाता येईल का, असं ते विचारतात.

गॅरेजचं काम ही सेवा आहे आणि तिच्यातल्या त्रुटीची भरपाई मागता येते, हे मी पुन्हा समजावत नाही. ठाण्यापासून नेरूळपर्यंतच्या वाचकांची अशी पत्रं येतात. गाडीचा भाग बदलतो, पण वाया घालवलेले महिने तेच असतात.

तुमचं सगळं प्रकरण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 वर उभं आहे. दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. नकल बसवला त्या दिवसापासून मोजलं, तर तुमची मुदत गेल्या महिन्यातच संपली. बेअरिंग तुटलं त्या दिवसापासून मोजलं, तर 9 नोव्हेंबर 2025 पर्यंत वेळ आहे. माझ्या मते दुसरी मोजणी बरोबर, कारण काम बिघडलंय हे त्याआधी तुम्हाला कळायला मार्गच नव्हता. पण समोरचा वकील पहिलीच तारीख धरून बसेल. त्याने मुद्दा काढला नाही तरी आयोगाला स्वतःहून मुदत तपासावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्येच स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सांगितलंय. तेव्हा तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडा. ‘विलंब झालेलाच नाही, पण आयोगाला झाला असं वाटल्यास माफ व्हावा’, अशीच मांडणी करा.

गॅरेजवाल्याशी चाललेल्या गप्पांनी मुदत वाढत नाही. नोटिशीनेही वाढत नाही, आणि ग्राहक आयोगात जाण्याआधी वकिलाची नोटीस पाठवण्याची सक्तीही नाही. दीड वर्ष वाट बघण्याऐवजी डिसेंबर 2023 मध्ये तक्रार केली असती, तर आज हा वादच नसता. तुम्ही सुशिक्षित आहात, नोकरी सांभाळून हप्ते फेडता; स्वतःच्या हक्काच्या बाबतीत एवढी ढिलाई का?

तरी तुमच्याकडे एक मोलाचा मेसेज आहे. मार्च 2024 मध्ये गॅरेजवाल्याने लिहिलंय, ‘नट नीट टाइट झाला नव्हता, अर्धे मी देतो.’ त्या मेसेजने मुदत नव्याने सुरू होते असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुम्ही का थांबलात हे त्यातून दिसतं, आणि चूक कोणाची तेही. नकल बसवताना बेअरिंग त्यात प्रेसने बसतं आणि चाकाच्या दांड्यावरचा अॅक्सल नट कंपनीने ठरवलेल्या टॉर्कवरच, म्हणजे तेवढाच जोर लावून, आवळावा लागतो. बऱ्याच गाड्यांत हा नट एकदाच वापरायचा असतो. तो सैल राहिला की बेअरिंग खेळू लागतं, आधी घरघर ऐकू येते, मग ते जातं. तो मोबाइल बदलू नका, आणि मेसेजच्या प्रतीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा.

तो नकल, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) आणि तो नट रबाळ्याच्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये पडून आहेत, असं तुम्ही ओझरतं लिहिलंत. आजच जाऊन ताब्यात घ्या. पुसू नका, धुऊ नका. फोटो काढा, पिशवी सीलबंद करा आणि काय दिसलं ते तिथल्या मेकॅनिककडून सहीनिशी लिहून घ्या. गरज वाटल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण वस्तू भंगारात गेली तर काय पाठवणार?

तुमच्या कच्च्या बिलावर नुसतं ‘नकल सेट’ लिहिलंय. पार्ट नंबर नाही, माल नवा की जुना तेही नाही, अलाइनमेंटची नोंद नाही. यूपीआयने पैसे दिलेत, तेवढं नशीब. त्या नोंदीवरून व्यवहार सिद्ध होईल. विम्याचं तुम्ही विचारलंत. यांत्रिक बिघाड पॉलिसीत सहसा वगळलेला असतो. कठड्याला घासल्याच्या नुकसानीबाबत पॉलिसी वाचल्याशिवाय बोलता येणार नाही.

तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे ठाणे जिल्ह्याच्या आयोगाकडे ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल करता येईल. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही. कायदा तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा म्हणतो. तारखांवर तारखा पडतात आणि सामान्य माणूस त्यातच दमतो, याची मला मनापासून चीड येते. म्हणून आपल्या बाजूने आणखी एक दिवसही जाऊ देऊ नका. याच आठवड्यात तक्रार दाखल करा. गॅरेजवाल्याने मध्येच तडजोडीचा फोन केला तरी दाखल करणं थांबवू नका. पैसे खात्यात जमा झाल्यावर तक्रार मागे घेता येते.