बारावी सायन्स, इंजिनीअरिंग की दुसरं काही: वर्षभरात कधी काय उरकायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा बारावीला, राज्य मंडळ, पीसीएम ग्रुप. ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, बीड जिल्ह्यातला तालुका. इंजिनीअरिंग जवळपास ठरलंय, पण एनडीए (सैन्यदलांचे अधिकारी घडवणारी प्रबोधिनी) आणि बीएस्सीसुद्धा डोक्यात आहे. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) बिघडली तर काय, ही धास्ती वेगळीच.

अभ्यासाचं वेळापत्रक क्लासवाले देतील, म्हणून त्यावर इथे फार लिहीत नाही. चांगले गुण असूनही जागा हातची जाते ती बहुतेक वेळा दाखल्यांपायी आणि फॉर्मच्या तारखांपायी. तेव्हा सुरुवात तिथून.

सगळ्यात आधी जात वैधता. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता प्रमाणपत्र वेगळं. ओबीसी जागेवर इंजिनीअरिंगचा प्रवेश पक्का व्हायला दोन्ही लागतात. जिल्हा जात पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज भरायचा आणि त्याची प्रत जोडपत्रांसह दाखल करायची. कॉलेजकडून नमुना १५ अ सही-शिक्क्यानिशी घ्या. वंशावळीचं शपथपत्र नमुना ३ मध्ये आणि दुसरं शपथपत्र नमुना १७ मध्ये. पुरावे वडिलांकडच्या नात्यातले हवेत आणि ओबीसीसाठी ते १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे हवेत (भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०). आजोबा-पणजोबांचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा गाव नमुना नंबर १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, हे दोन कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. चुलत्यांकडे किंवा चुलत भावंडांकडे आधीच वैधता असेल तर तिची प्रत आणि नातं दाखवणारी वंशावळ जोडा, काम बरंच हलकं होतं.

अडतं कुठे? आडनावात किंवा जातीच्या नोंदीत कागदागणिक फरक असतो, किंवा समितीने काढलेली त्रुटी अर्जाच्या लॉगिनमध्ये आणि ईमेलवर पडून राहते आणि कोणी बघतच नाही. अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या मोबाईल नंबरवर आणि ईमेलवर भरला असेल तर हे हमखास होतं. स्वतःचाच नंबर द्या आणि दर पंधरा दिवसांनी लॉगिन उघडून बघा. प्रवेशाच्या वेळी अर्जाच्या पावतीवर नोंदणी होऊ शकते आणि सरकार अधूनमधून मुदतवाढही देतं. पण मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो. मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका, दिवाळीच्या आत अर्ज दाखल झालेला असू दे.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. पुढच्या जूनमध्ये सुरू होणाऱ्या प्रवेशासाठी तो त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतो. आत्ता हातात असलेला दाखला येत्या ३१ मार्चला संपत असेल तर प्रवेशाच्या वेळी त्याचा काडीचा उपयोग नाही. एप्रिलमध्ये उत्पन्नाचा दाखला नवा काढून लगेच सेतूमध्ये किंवा 'आपले सरकार'वर नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज टाका. निकालानंतर गर्दी उसळते आणि सर्व्हरही रडतो. जेईई (एनआयटी-आयआयटीची प्रवेश परीक्षा) देणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो, आणि तो प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतरचा लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. (हे वाचणाऱ्या मराठा समाजातल्या पालकांसाठी: एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग फक्त राज्यात आहे. जेईईच्या फॉर्ममध्ये तो नसतो. तिथे खुला, किंवा निकषात बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक.)

अधिवासाचा दाखला एकदा काढला की झालं. आधार आणि दहावीची गुणपत्रिका यांतलं नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव अक्षरशः जुळवून घ्या. दुरुस्ती करायची असेल तर आधारमध्ये करा, गुणपत्रिकेत करायला फार वेळ जातो. अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक) कॉलेजमधून तयार करून घ्या. आणि मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं असू दे. महाडीबीटीचे (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, पासबुकावर छापलेल्या नंबरवर येतात असं समजून बरेच जण वर्षभर वाट बघत बसतात.

हे खातं तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अटी नीट वाचा. प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातली जागा, खासगी अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं यांना ही सवलत नाही. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस हे सगळं घरूनच. म्हणून कॉलेजांची तुलना करताना शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरचे शिक्षण शुल्क आणि विकास शुल्काचे आकडे वेगवेगळे लिहून काढा. तुमच्या खिशातून जाणार तो दुसरा आकडा आणि राहण्याचा खर्च.

आता परीक्षा. एमएचटी-सीईटीचा पीसीएम पेपर १५० प्रश्नांचा, २०० गुणांचा. फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे, आणि मुलं नेमकं तेच शेवटाला ठेवतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण ८० टक्के भार बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतो; ती प्रकरणं सीईटी सेल जाहीर करतं, तेवढीच करा.

बोर्डाचं काय, हा प्रश्न पुढे येणारच. राज्यातल्या इंजिनीअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीला संबंधित तीन विषयांत ४५ टक्के (आपल्याकडच्या मागासवर्गीयांना ४०) एवढीच पात्रता. पण एनआयटी-आयआयटीला ७५ टक्क्यांची किंवा मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलची अट आहे, आणि बीएस्सीला तर बहुतेक ठिकाणी बारावीचेच गुण बघतात. दुसरे रस्ते उघडे ठेवायचे तर बोर्ड सोडून चालणार नाही. विज्ञान विषयांच्या प्रॅक्टिकलचे ३० गुण आणि गणिताचे २० हातचे असतात, तिथे आळस नको.

जेईई मेनच्या जानेवारी सत्राचा फॉर्म ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच निघतो. एनआयटीची आशा नसली तरी एकदा द्यायला हरकत नाही, पण त्यासाठी वेगळा क्लास लावू नका. सीईटीचा फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होतो. त्यात प्रवर्ग बरोबर भरला आहे ना, हे स्वतः बघा.

एनडीए: यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेतं. डिसेंबरच्या सुमाराला जाहिरात आणि एप्रिलमध्ये परीक्षा, मग मे-जूनच्या सुमाराला जाहिरात आणि सप्टेंबरमध्ये परीक्षा. बारावीला बसलेल्यांना अर्ज करता येतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, पण जाहिरातीत जन्मतारखांची चौकट दिलेली असते, ती बघा. अंदाजाने मोजलेलं वय एका दिवसानेही चुकतं. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६००, इथे चुकीला गुण कापतात, आणि पुढे एसएसबीची (सैन्यदलाच्या निवड मंडळाची) पाच दिवसांची मुलाखत आणखी ९०० गुणांची. मुलींसाठी जागा मोजक्याच असतात. गणिताची तयारी सीईटीशी बरीच जुळते, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान मात्र वेगळं करावं लागेल. एप्रिलचा पेपर सीईटीच्या आसपास येतो. तेव्हा मनापासून जायचं असेल तर सप्टेंबरचीही तयारी ठेवा आणि दरम्यान प्रवेश घेऊन ठेवा.

बीएस्सीबद्दल एकच महत्त्वाची गोष्ट सांगतो. कॉलेजांचे फॉर्म बारावीच्या निकालानंतर लगेच निघतात आणि चांगल्या अनुदानित कॉलेजांच्या याद्या कॅपची पहिली फेरी लागायच्या आधीच संपतात. "इंजिनीअरिंगचं बघू, मग बीएस्सी" म्हणणाऱ्यांना उरलेल्या जागा मिळतात. अनुदानित तुकडीची फी कमी असते, तिथे प्रवेश घेऊन ठेवणं परवडतं. फक्त शाळा सोडल्याचा मूळ दाखला तिथे जमा होतो आणि कॅपच्या प्रवेशाला तोच लागतो. तो परत कसा आणि किती दिवसांत मिळतो हे प्रवेश घेतानाच विचारा. विज्ञानाची खरी ओढ असेल तर आयसर आणि नायसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी आणि नेस्ट या परीक्षांचे अर्ज उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. पुण्याचं आयसर आणि मुंबईचं सीईबीएस (हीसुद्धा अशीच विज्ञान संस्था) आपल्याच राज्यात आहेत, तरी तालुक्याच्या ठिकाणी हे फॉर्म फारसं कोणी भरत नाही.

आता सगळ्यात जास्त गोंधळाची जागा: कॅपचा पसंतीक्रम. मागच्या दोन वर्षांच्या कट-ऑफच्या पीडीएफ उतरवा, पहिली फेरी आणि शेवटची फेरी दोन्ही. कोड असा वाचायचा: जीओबीसीएच म्हणजे सर्वसाधारण ओबीसी, होम युनिव्हर्सिटी, एलओबीसीएच म्हणजे मुलींसाठीची ओबीसी जागा, होम युनिव्हर्सिटी. शेवटचा ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रासाठी, एस असेल तर राज्यस्तरीय. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठल्या कॉलेजातून झाली त्यावर, घराच्या पत्त्यावर नाही. बीड जिल्ह्यातून बारावी केली तर छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ. तीच मुलगी लातूरच्या कॉलेजातून बसली असेल तर नांदेडचं. कट-ऑफमधल्या पर्सेंटाइलसोबत गुणवत्ता क्रमांकही दिलेला असतो. बसणाऱ्यांची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून क्रमांकावरून अंदाज बांधा.

क्रम लावताना "इथे नक्की मिळेल" ते वर आणू नका. हवं ते वर, मिळण्याजोगं मधे, नक्की ते खाली. वरचं नाही मिळालं म्हणून खालचं हुकत नाही. ३०० पर्याय भरता येतात. चाळीस-पन्नास विचारपूर्वक भरलेले पुरतात, वीसवर थांबू नका. २०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती आपोआप गोठते (म्हणजे पक्की धरली जाते), दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी कुठलीही. म्हणजे वरच्या सहा ओळींत शोभेचं नाव टाकलं तर तेच गळ्यात पडतं, आणि नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद. तुमच्या वर्षीची माहिती पुस्तिका आली की हा नियम आधी तपासा. जागा स्वीकारायचे १,००० रुपये मुदतीत भरले नाहीत म्हणून हुकलेल्या जागाही दरवर्षी दिसतात.

शाखा की कॉलेज? माझं मत स्पष्ट आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत उघडलेल्या कॉलेजातल्या एआय-डेटा सायन्सपेक्षा कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय अभियांत्रिकीतलं किंवा नांदेडच्या एसजीजीएसमधलं इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल मी वर ठेवीन. शिक्षक, प्रयोगशाळा आणि कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या एका वर्षात उभ्या राहत नाहीत.

सीईटी बिघडलीच तर ड्रॉपची घाई नको. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटीशिवाय. दोन वर्षांत डिप्लोमा, मग त्याच्या गुणांवर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथेही सीईटी नाही. दोन अधिक तीन, पाच वर्षं. एक वर्ष ड्रॉप घेऊन चार वर्षांची डिग्री केली तरी पाचच. फरक इतकाच की इथे मधे डिप्लोमा हातात असतो. अकरावीचा पाया कच्चा असलेल्या मुलीला हा रस्ता ड्रॉपपेक्षा बरा. ड्रॉप तेव्हाच घ्या, जेव्हा बोर्डाला गुण चांगले आहेत आणि सीईटी आजारपणामुळे किंवा वेळेच्या गणितामुळे गेली आहे.

या आठवड्यात दोन कामं करा: कॉलेजच्या ऑफिसात नमुना १५ अ मागा, आणि आजोबांच्या शाळेत जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासाठी अर्ज द्या. जुनी रजिस्टरं शोधायलाच महिना जातो.