बदलापूरच्या आरोपीला पोलिसांनी स्वसंरक्षणात गोळी घातली, मग त्यावर एवढा वाद कशाला?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बदलापूरच्या शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा ज्याच्यावर आरोप होता त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, पोलिसांनी स्वतःचा जीव वाचवायला त्याला मारलं, मग यात वाद घालण्यासारखं आहे काय, आणि वाद घालणाऱ्यांना त्या मुलींचं काही पडलेलं नाही का, असं तुम्ही विचारलंय.

मी बदलापुरातच राहते, पश्चिमेला. तेव्हा माझी मुलगी सिनिअर केजीत होती. २० ऑगस्ट २०२४ ला सकाळी ऑफिसला जायला म्हणून स्टेशनवर गेले तर रुळांवर माणसंच माणसं, बायका लहान मुलांना कडेवर घेऊन उतरल्या होत्या, आणि मी पण डबा आणि पर्स सांभाळत तिथेच थांबले, दुपारपर्यंत घरी गेले नाही. घोषणा पण दिल्या, फाशी द्या म्हणून. त्यातल्या एका मुलीच्या आईला तक्रार नोंदवायला पोलीस स्टेशनमध्ये जवळपास बारा तास बसवून ठेवलं होतं हे कळल्यावर घरात बसवलंच नसतं कोणाला. म्हणजे मुलींचं काही पडलेलं नाही असं माझ्याबद्दल तरी म्हणू नका.

आणि २३ सप्टेंबरला संध्याकाळी मोबाईलवर बातमी आली की तळोजा जेलमधून नेताना मुंब्रा बायपासजवळ गाडीत त्याचा एन्काउंटर झाला, तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी पेढे आणले आणि मी तो पेढा खाल्ला. त्यानंतर 'बदला पुरा' असे बॅनर झळकले, गावाच्या नावावरून केलेला शब्दखेळ, त्यावर हातात पिस्तूल घेतलेले तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस. मला तेव्हा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग माझं मत का बदललं ते सांगते. एका वाक्यामुळे बदललं. पोलिसांचं म्हणणं पेपरमध्ये सविस्तर छापून आलं होतं, आरोपीने अचानक पिस्तूल हिसकावलं, झटापट झाली, फायरिंग केलं, म्हणून नाइलाजाने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडावी लागली. ते वाचताना हात थांबला माझा, कारण हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं, आमच्या घरात, माझ्या भावाच्या कागदावर.

भाऊ एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. गावाकडे एका मोबाईलच्या दुकानात चोरी झाली आणि त्याला रात्री चौकीत नेलं, सकाळी घरी आला तो उजव्या हाताचं बोट मोडून आणि पाठीवर वळ घेऊन. चोरी झाली त्या दिवशी तो आत्याकडे लग्नाला होता, पन्नास माणसांनी बघितलेलं. खरे चोर तीन आठवड्यांनी सापडले. पण वडिलांनी तक्रार करायची म्हटल्यावर जो कागद दाखवला त्यात लिहिलं होतं की सदर इसम पोलिसांच्या अंगावर धावून आला, झटापट झाली, त्यामुळे सौम्य बळाचा वापर करावा लागला. माझा भाऊ, जो आईने आवाज चढवला तरी खाली बघतो. पण तो जिवंत होता म्हणून आम्हाला दुसरी बाजू कळली तरी. मेला असता तर तो कागदच तेवढा उरला असता.

आता यावरून बदलापूरच्या केसमध्ये पोलीस खोटं बोलले असं मी म्हणत नाहीये, ते ठरवणं माझं काम नाही आणि त्या दिवशी एका पोलीस अधिकाऱ्याच्या मांडीला गोळी लागली होती हेही खरं. कायदा पोलिसांना पण स्वतःचा जीव वाचवायचा पूर्ण हक्क देतो, तुम्हाला आम्हाला देतो तेवढाच. पूर्वी ते आयपीसीच्या (भारतीय दंड संहितेच्या) कलम ९६ ते १०६ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. जीव जाईल अशी खरीखुरी भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा होत नाही. पण त्याला दोन अटी आहेत ज्या लोक विसरतात. बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्क पण संपला. म्हणजे माणूस आवरला गेला असेल, निःशस्त्र झाला असेल, त्यानंतर मारलेली गोळी बचावाची राहत नाही, मग तो माणूस कितीही वाईट असू दे. त्याने आधी काय केलं होतं हा प्रश्न या कलमांमध्ये येतच नाही, त्या क्षणी तो काय करत होता एवढंच बघतात.

आणि तिसरी गोष्ट, मला स्वतःला ही माहीत नव्हती, आमच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये कल्याण कोर्टात प्रॅक्टिस करणारी एक वकील मैत्रीण आहे तिने सांगितली. एरवी खुनाचा खटला सरकारने सिद्ध करायचा असतो, पण मी स्वतःला वाचवायला मारलं असं जो म्हणतो त्याने ते दाखवून द्यायचं असतं. अगदी शंभर टक्के सिद्ध नाही करावं लागत, शक्यता त्याच्या बाजूने झुकली तरी पुरतं, पण दाखवायला लागतं. नुसतं म्हटलं म्हणून झालं असं नसतं. आपल्याकडे एन्काउंटर म्हटलं की नेमकं उलटं होतं, पोलीस म्हणाले म्हणजे झालंच, आणि कोणी विचारलं तर तोच देशद्रोही.

मग दाखवलं काय? दोनच दिवसांत, २५ सप्टेंबरला, त्याच्या वडिलांची याचिका मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्यापुढे आली. तिथले प्रश्न मी शब्द न् शब्द वाचले कारण ते आपल्यासारख्या माणसाला पण पडतील असेच होते. गाडीत एवढे पोलीस असताना एक माणूस आवरला नाही का? हातकडी होती ना? तर सुरुवातीला होती, त्याने पाणी मागितलं म्हणून काढली, असं उत्तर. गोळी पायावर हातावर का नाही मारली, डोक्यातच कशी लागली? पिस्तूलचा स्लाइड मागे खेचायला ताकद आणि सवय लागते, ती या माणसाला कुठून आली? तर झटापटीत अनलॉक झालं. त्याने तीन गोळ्या झाडल्या म्हणता, एक अधिकाऱ्याला लागली, मग बाकीच्या दोन गेल्या कुठे? आणि याला एन्काउंटर म्हणता येणार नाही असंही कोर्ट म्हणालं.

हा शेवटचा गोळ्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून जात नाही. बंद गाडी, तीन गोळ्या. गोळी हवेत विरघळत नाही ना, कुठेतरी पत्र्यात, सीटमध्ये भोक पडलेलं असणार. म्हणून म्हणते की हा वाद भावनेचा नाहीच, तो भोकांचा आहे, ठशांचा आहे, हातावरच्या बंदुकीच्या दारूच्या कणांचा आहे.

कस्टडीत माणूस मेला की मॅजिस्ट्रेटने चौकशी करायची असा कायदाच आहे, ते कोणाची मेहरबानी नाही. ठाण्याच्या मॅजिस्ट्रेटचा अहवाल २० जानेवारी २०२५ ला हायकोर्टात उघडला. त्यात गाडीतल्या पाचही पोलिसांना, ड्रायव्हर धरून, मृत्यूला जबाबदार धरलं. फॉरेन्सिकप्रमाणे त्या पिस्तूलवर आरोपीच्या बोटांचे ठसे नव्हते. पाच जण सहज त्याला आवरू शकले असते, एवढा बळाचा वापर समर्थनीय नाही, आणि स्वसंरक्षणाचा दावा संशयाच्या छायेत आहे, असं तिथे लिहिलंय. हे कोणा ॲक्टिव्हिस्टने नाही, सरकारी व्यवस्थेतल्याच मॅजिस्ट्रेटने लिहिलंय. मला ठशांची ओळ वाचून पोटात कसंतरी झालं. ठसे कधी कधी उमटत नाहीत किंवा पुसले जातात असं त्यावर म्हणता येईल, आणि कोर्टात पोलिसांचा वकील तसं म्हणेलही, म्हणू दे की, त्यासाठीच तर कोर्ट पाहिजे.

पण त्यासाठी आधी गुन्हा नोंदवावा लागतो आणि तिथेच महिने गेले. फेब्रुवारीत तर त्याच्या आईवडिलांनीच कोर्टात सांगितलं की आम्हाला केस पुढे न्यायची नाही. मुलाला पुरायला पण जागा मिळत नव्हती त्यांना, शेवटी उल्हासनगरला पोलीस बंदोबस्तात पुरला, तर त्यांच्यात काय ताकद उरली असेल. कोर्टाने मग त्यांच्याशिवाय विषय पुढे नेला, ७ एप्रिल २०२५ ला एसआयटी (विशेष तपास पथक) नेमून गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, पुढे सुप्रीम कोर्टाने त्यात बदल करून एसआयटी पोलीस महासंचालकांनी नेमावी असं सांगितलं.

तुम्ही म्हणाल पोलीस उगाच कशाला मारतील. वर्सोव्याची लखनभैया नावाच्या कथित गुंडाची केस वाचा. ११ नोव्हेंबर २००६ ला त्याला वाशीहून उचललं आणि त्याच संध्याकाळी वर्सोव्यात चकमकीत मेला असं दाखवलं. त्याचा भाऊ वकील होता, त्याने एन्काउंटरच्या आधीच अधिकाऱ्यांना तारा पाठवून ठेवल्या होत्या की माझ्या भावाला उचललंय, त्याला मारतील. त्या तारा होत्या म्हणून केस उभी राहिली. त्याच्यासोबत उचललेला मित्र, मुख्य साक्षीदार, साक्ष द्यायच्या आधी २०११ मध्ये मारला गेला. २०१३ ला एकवीस जणांना जन्मठेप झाली, त्यात तेरा पोलीस, आणि तेव्हा सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना मार्च २०२४ मध्ये हायकोर्टाने दोषी धरलं. सतरा वर्षांहून जास्त लागली. तिथे पण कागदावर आधी चकमकच होती.

हैदराबाद तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. ६ डिसेंबर २०१९ ला त्या डॉक्टर मुलीच्या बलात्कार-खुनाच्या केसमधले चौघे आरोपी पहाटे मारले, पोलिसांवर लोकांनी फुलं उधळली, आणि गोष्ट तीच, हत्यार हिसकावलं. सुप्रीम कोर्टाने आपल्या महाराष्ट्रातल्याच न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, २०२२ मध्ये त्यांनी सांगितलं की मारायच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या, आणि चौघांतले तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. फुलं उधळणारे तेव्हा कुठे होते कोणास ठाऊक. मी पण व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ पुढे पाठवला होता.

आता तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, 'तुमच्या मुलीसोबत झालं असतं तर?' हे मला नवऱ्याने पण विचारलं होतं आणि तेव्हा आमचं भांडण झालं होतं. माझ्या मुलीसोबत झालं असतं तर मी त्याला हातानेच मारायला गेले असते, हे मी कबूल करते. पण मला त्याच्यावरचा खटला पण हवा झाला असता, आणि तो त्या दोन मुलींना कधीच मिळणार नाही. आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. त्याने केलं हे कोर्टाने कधी म्हटलंच नाही आणि आता म्हणणारही नाही. उद्या त्या मुली मोठ्या होऊन विचारतील की सिद्ध झालं होतं का, तर त्यांच्या आईने काय दाखवायचं, बॅनरचा फोटो?

तो माणूस १ ऑगस्टला त्या शाळेत कंत्राटावर कामाला लागला होता. दहा-बारा दिवसांत मुलींच्या टॉयलेटपर्यंत पोचला. त्याला तिथे कोणी जाऊ दिलं, त्याची चौकशी करून घेतलं होतं का, आणखी कोणत्या मुली होत्या का, शाळेत कोणाला कळलं आणि कधी कळलं, त्याच शाळेचं पंधरा दिवसांचं सीसीटीव्ही फुटेज गायब असल्याचं मंत्र्यांनीच सांगितलं होतं ते कुठे गेलं. शाळेच्या लोकांवर वेगळी केस आहे पण खटल्यात त्याची उलटतपासणी झाली असती, तो कोणाचं तरी नाव घेऊन म्हणाला असता की मला यांनी सांगितलं होतं, किंवा म्हणाला नसता, पण विचारलं तरी गेलं असतं. मी रोज मुलीला सोडायला जाते तेव्हा तिच्या शाळेतल्या मावशींना नाव विचारते, कधीपासून आहात विचारते, आणि बाथरूमला कोण घेऊन जातं ते पण.